खांबाजवळचा अंधार

वेनिंगने संगणकावर फोटोतले रंगीत ठिपके घालवणारा स्लायडर सावकाश उजवीकडे सरकवला. अंधारातले लाल-हिरवे कण विझत गेले आणि पाक रुसमादींच्या गालावरचा हिरवट डाग जाऊन कातडीचा रंग वर आला.

खेळ तेलाच्या दिव्यावरच व्हायला हवा, हा म्हाताऱ्याचा हट्ट. चाळीस वर्षं छायाबाहुल्या नाचवलेल्या त्या माणसाचा तो शेवटचा खेळ ठरला. फोटो वेनिंगनेच काढले होते. एवढ्याशा उजेडात ते दाणेदार येणार, हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. आज त्यांच्या पत्नी, बू लस्मी, जावातल्या क्लातेन गावी वेनिंगच्या फोटोच्या दुकानात तिच्या शेजारी बसल्या होत्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी त्यांना मोठा फोटो हवा होता. बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

तिने दुसरा स्लायडर ओढला. दाणे निवळले, पडदा, बाहुल्या, मागची वादकांची रांग उमटली. पाक रुसमादींच्या डाव्या बाजूचे ठिपके मात्र जाईनात. आणखी ओढल्यावर ते पांगायचे सोडून गोळा झाले. आधी अंबाडा, मग खांदा, मग मांडीवर ठेवलेले दोन हात.

वेनिंगची बोटं माउसवरच थांबली. खेळाच्या रात्री त्यांच्या डावीकडची ती चटई रिकामी होती. ती जागा सोडून बाकीच्या गायिका मुद्दाम सरकून बसल्या होत्या, हे तिला नीट आठवत होतं.

“तुकिनी,” बू लस्मी म्हणाल्या. आवाजात आश्चर्य नव्हतं. “बावीस वर्षं ह्यांच्या डाव्या अंगाला बसून गायली. तिला जाऊन दोन वर्षं झाली.”

वेनिंगने घाईघाईने सांगितलं, की हा यंत्राचा घोटाळा असेल, आत्ता पुसते. बू लस्मींनी ते ऐकलंच नाही. उजव्या कोपऱ्यात, खांबाजवळ बघ, म्हणाल्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या खेळाला त्या कधी गेल्या नव्हत्या. फक्त त्या शेवटच्या रात्री पांढरं पोलकं घालून तिथे बसल्या होत्या. वेनिंगला आठवत होतं. तिनेच त्यांना पाणी दिलं होतं.

तिने कोपरा मोठा केला. खांब होता. खांबाजवळ स्वच्छ, गुळगुळीत अंधार होता.

बू लस्मींनी त्या अंधारावर बोट टेकवलं.

“पहिल्यासारखा कर, पोरी.”

“सगळ्यांच्याच तोंडावर ठिपके येतील, बू.”

“येऊ देत. ठिपक्यांत कोण आहे नि कोण नाही, कुणाला कळतंय?”

वेनिंगने दोन्ही स्लायडर मागे नेले. दाणे परत पसरले. अंबाडा विरला, हात विरले. खांबाजवळ लाल-हिरवी गर्दी झाली. बू लस्मींनी खुर्ची पुढे ओढली.

“हा किती मोठा छापता येईल?” त्यांनी विचारलं.