समोरची नळी

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नाव अवघड, म्हणून घाटनांदूरच्या आमच्या लॅबमध्ये मला नुसतं 'फिरतं मशीन' म्हणतात. रक्ताच्या नळ्या पोटात घ्यायच्या, गरगर फिरायचं आणि तांबडं खाली, पिवळं पाणी वर, असं वेगळं करून द्यायचं, हा माझा जन्माचा धंदा. एकटी नळी मात्र मला सोसत नाही. तोल जातो आणि मी टेबलासकट थरथरतो. म्हणून समोर दुसरी नळी लागते. रक्ताची नसेल तर साधं पाणी भरून ठेवतात.

मित्रांनो, नवा होतो तेव्हा मला रोज पुसायचे. आता झाकणाला चिकटपट्टी आणि डोक्यावर चहाचे कप. असो. माझं रडगाणं बाजूला राहू द्या, सांगायचं आहे ते मुबश्शिराचं.

फळवाल्या मैनुद्दीनची ही मुलगी. आपल्या हाताची घाण सीताफळांना लागेल आणि ती खाऊन कुणीतरी मरेल, हा विचार तिच्या डोक्यात घर करून बसला होता. हात धुऊन धुऊन कातडी सोलली होती. हे खरं नाही, हे तिलाही कळायचं, पण राहवायचं नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टर अंजूबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि पोरगी पुन्हा गाड्यावर बसू लागली. बाई अशा रुग्णांवर संशोधन करत होत्या. रक्तातली चरबी आणि मागचापुढचा विचार न करता काहीतरी करून बसण्याची ऊर्मी, यांचा काही संबंध असतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी मुबश्शिराचं रक्त माझ्याकडे आलं. समोर पाण्याची नळी ठेवून आमच्या लॅबवाल्या हरिओमनं मला चालू केलं.

रिपोर्ट घ्यायला तिची आई आमिनाबी आली. हरिओम दुसऱ्या कुणाच्या दंडाला रबर बांधत होता. मान वर न करताच म्हणाला, "सगळं नॉर्मल हाय, चाची."

"काईच न्हाई निघालं?"

"काईच न्हाई."

"मग त्या गोळ्या कावून द्यायच्या? लई झोपते पोरगी."

तेवढ्यात हरिओमचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. आमच्याकडे कागदावर 'नॉर्मल' आलं की आजार गेला, असंच धरतात. काविळीत ते खपूनही जातं. आमिनाबीनं आनंदानं लॅबमध्ये टोपलीभर सीताफळं पाठवली आणि गोळ्या बंद केल्या.

सीताफळाचा हंगामही सरला नव्हता. एका सकाळी मुबश्शिरानं गाड्यावरची सगळी फळं नालीत लोटली, घरात गेली आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात दोन्ही हात घातले.

मैनुद्दीन लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. "तुमीच साफ म्हनलता ना?"

"चाचा, ते चरबीचं होतं. तिच्या आजाराचं न्हवतं."

"मग तवा कावून न्हाई सांगितलं?"

हरिओम माझ्या डोक्यावरचे कप उचलू लागला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

आता गोळ्या पुन्हा सुरू आहेत. बोटं मात्र आखडली ती आखडलीच. नळ सोडता येत नाही, म्हणून आमिनाबीच तिचे हात धुते. परवा हरिओम भेटून आला, तेव्हा मुबश्शिरा आईला म्हणत होती, "अम्मी, और एक बार."

मित्रांनो, रिपोर्ट हाती आला की तो कशाचा आहे, हे विचारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. आणि कुणी असं आतल्या आत गरगरत असेल तर त्याच्या समोर बसा. फार शहाणं असावं लागत नाही. माझ्याकडे तर साधं पाणीही चालतं.