जादाचा स्प्रिंकलर

माझी मुलगी वाद घालायला लागली की समोरच्याची धडगत नसते, म्हणून घरात तिला सगळे वकिलीणबाई म्हणतात. बारावीचा निकाल लागला आणि वकिलीणबाईंनी जाहीर केलं, अग्निसुरक्षेची चार वर्षांची पदवी करायची. आता मी एकोणीस वर्षं इमारतींमध्ये आगीचे पाइप आणि आग लागली की छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर बसवतोय. ही विद्या घरात फुकट मिळत असताना बाहेर पैसे कशाला मोजायचे?

हिचा, म्हणजे माझ्या बायकोचा, भाऊ बँकेत आहे. त्याने जेवणाच्या टेबलावरच हिशेब मांडला. फी, हॉस्टेल, पुस्तकं मिळून नऊ लाख. नव्या टेम्पोसाठी मी साठवलेले पाच घातले तरी उरलेल्यासाठी कर्ज. आणि एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स सत्तर हजारांत.

"दाजी, कोर्स केला की लगेच वीस हजार पगार. पदवीवाली चार वर्षांनी पस्तिसावर लागेल. घातलेले पैसे निघायला पुढची सात-आठ वर्षं धरा."

"मामा, पण सर्टिफिकेटवाल्याला नकाशावर सही करता येत नाही," मुलगी म्हणाली. "दहा वर्षांनीही तो शिडीवरच."

"तेही खरंच," मेहुणा म्हणाला. बँकेतला माणूस, दोन्हीकडून बोलतो.

"सहीचं काय कौतुक सांगतेस?" मी म्हटलं. "सही करणारी कालची पोरं मला विचारून सही करतात."

"मग तुम्हीच का नाही करत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "शुक्रवार फी भरायचा शेवटचा दिवस आहे. भांडून झालं की काय ते ठरवा."

काम हातानेच शिकायचं असतं हे दाखवायला मंगळवारी मी मुलीला सोबत नेलं. एका वृद्धाश्रमात पाइपची किरकोळ दुरुस्ती होती. तळघरात त्यांची लाँड्री, कपडे वाळवायची दोन मोठी मशिनं. तिथलं सगळं काम सहा वर्षांपूर्वी मीच केलेलं.

"वर बघ," मी म्हटलं. "नकाशात चार स्प्रिंकलर होते. मी पाचवा बसवला, मशिनजवळ, पदरचे पैसे घालून. गरम जागा दिसली की मी एक जादा बसवतोच. हे कॉलेजात शिकवत नाहीत."

तिने माझ्याच पिशवीतली टेप घेतली, शिडीवर चढली आणि मोजलं. मशिनच्या बरोबर वरचा स्प्रिंकलर आणि माझा, मध्ये साडेतीन फूट.

"बाबा, हे फार जवळ आहेत."

"जवळ म्हणजे चांगलंच की! पाणी जास्त."

"पाणी कमी. आग लागली आणि तुमचा आधी फुटला, तर त्याचं पाणी शेजारच्याच्या, उष्णतेने फुटणाऱ्या काचेच्या कुपीवर उडणार. कुपी गारच राहिली तर ती फुटणार कशी? मशिनवरचा स्प्रिंकलर उघडणारच नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. लायब्ररीतून आणलं होतं."

मी तिला नको नको ते बोललो. दीडशहाणी म्हणालो, चार पानं वाचून बापाला शिकवतेस म्हणालो. ती शिडीवरून उतरली. मी रागारागाने बाहेर जाऊन नकाशे काढणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला. म्हटलं, पोरीची जिरवूच.

"काका, पोरगी बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "सहा फुटांच्या आत नकोच. कुठे बसवलाय?"

कुठे कुठे, असं विचारायला हवं होतं त्याने. मी बोटांवर मोजायला लागलो आणि बोटं संपली. अकरा जागा. तपासणीला येणारे साहेब स्प्रिंकलर कमी आहेत का ते बघतात. जास्त आहेत का, हे कोण बघतो? करायला गेलो गणपती, झाला मारुती. या लाँड्रीच्या वर चाळीस म्हातारी माणसं झोपतात. मी घाबरलो, खरं सांगतो. आणि लाज इतकी वाटली की आत जाऊन लेकीशी बोलवेना.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. "चूक झाली तर झाली," ती म्हणाली. "आता काढायची की मिरवायची?"

बुधवारी जादाचा स्प्रिंकलर काढायला इंजिनिअरची चिठ्ठी घेऊन मी आणि मुलगी परत गेलो. व्हॉल्व्ह बंद केला, लाइन रिकामी केली, मी शिडीवर चढलो. ती खाली शिडी धरून उभी. कालपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तेवढ्यात आश्रमाच्या व्यवस्थापकबाई आल्या.

"हे काय, काढताय? तेव्हा तर तुम्हीच म्हणाला होता, जादा आहे, निश्चिंत राहा."

"चुकलो होतो बाई. एकोणीस वर्षं चुकत होतो. अशा अजून दहा जागा आहेत, सगळीकडे जाऊन काढणार आहे."

"अगंबाई! मग कळलं कसं?"

"माझ्या मुलीने दाखवलं."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. "हिने? शिकते का ही यातलं?"

स्प्रिंकलर काढलेल्या तोंडावर मी प्लग घट्ट आवळला. "पदवीला घालतोय. चार वर्षांची. परवा फी भरायची आहे."

खाली शिडी एकदम डगमगली. बघतो तर ही बया दोन्ही हातांनी तोंड झाकून रडतेय.

"अगं, शिडी धर!" मी ओरडलो. "बाप पडेल!"