दोन पिनांचा अ‍ॅम्प

फोंडाघाटच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या जयरामना गिटार वाजवता येते, हे त्यांच्या मुलीने फक्त ऐकलं होतं. भार्गवीने लहानपणापासून ती कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली पाहिली होती, एवढंच. यंदा गणपतीनंतर आरोंद्याहून बाबलीचा फोन आला आणि ती चादर सुटली.

जयराम मूळ आरोंद्याचे. बाबली त्यांच्याच वाडीतला. चाळीसेक वर्षांपूर्वी दोघांनी मिळून गावात ऑर्केस्ट्रा काढला होता. बाबली गायचा, जयराम गिटार वाजवायचे. ही इलेक्ट्रिक गिटार खाडीपलीकडच्या एका गोवेकराने बोटीवर नोकरीला जाताना त्यांना दिली होती. आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प मात्र भाड्याचा, भलामोठा, आणि सगळ्यांत मिळून एकच. गाणंही त्यातून आणि गिटारही त्यातून. पूजा, लग्नं, शिमगा, कुठूनही बोलावणं यायचं. गोव्यात कार्यक्रम असला की होडीच्या मध्यभागी अ‍ॅम्प ठेवून त्यावर ताडपत्री घालायची आणि सगळ्यांनी कडेला बसून भिजत जायचं. मग जयरामना नोकरी लागली, बाबली मुंबईला कंपनीत गेला. भांडण नाही, तंटा नाही. ऑर्केस्ट्रा आपोआप थांबला.

फोनवर बाबलीचा आवाज जयरामना ओळखताच आला नाही. कागदावर कागद घासावा तसा.

"मी बाबली रे. घशाचां ऑपरेशन झालां, तेवापासून असोच आवाज. आता कायमचो गावाक इलंय. तुझी गिटार आसा मां अजून? घेवन ये एकदा. माका आयकाची आसा."

जयरामनी नव्या तारा चढवल्या, सूर लावले, पण अ‍ॅम्पशिवाय ती गिटार डास गुणगुणल्यासारखी वाजत होती. भार्गवी कुडाळच्या बँकेत आहे. सुट्टीच्या दिवशी ती त्यांना तिथल्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली. पखवाज, पेट्या आणि टाळांच्या गर्दीत एका फळीवर छोटे अ‍ॅम्प मांडले होते.

"काका, घरात वाजवणार की कार्यक्रमात?" दुकानदार ओंकारने विचारलं.

"घरात. म्हणजे, एका मित्राच्या घरात. लहान हवा, उचलता येण्यासारखा. आणि पेन्शनीत बसणारा."

ओंकारने आधी तळहाताएवढा, बॅटरीवरचा दाखवला. त्यातून गिटार शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी ऐकू आली. मग त्याने मोबाइलला जोडायचा एक काढला. त्यात नाना तऱ्हेचे आवाज होते. बटण दाबलं की गडगडाट, दुसरं दाबलं की घुमटात घुमल्यासारखा आवाज. जयराम मुलीकडे वळून म्हणाले, "ह्येच्यात माझी गिटार खंय आसा ती काय कळना नाय."

तिसरा साधा होता. तीन बटणं, जरा मोठा स्पीकर. जयरामनी एक जुनी धून सुरू केली आणि हळूहळू बोटांना वाट सापडली. आवाज भरीव, गोड, जुन्या कार्यक्रमांतल्यासारखा. त्यांचे डोळे मिटले, चपलेतला पाय ठेका धरू लागला. पखवाज बघायला आलेलं गिऱ्हाईकही वळून ऐकत राहिलं. भार्गवी तर बघतच राहिली. गणिताच्या वह्या तपासणारे बाबा तिला माहीत होते; हा माणूस तिच्या जन्माआधीचा होता.

"हाच घेऊ," म्हणत जयराम उठले. एवढ्यात त्यांची नजर खालच्या फळीवरच्या चौकोनी खोक्यावर गेली. त्याला दोन पिना लावायची सोय होती.

"ह्याला माइक लागतो?"

"लागतो. भजनी मंडळवाले नेतात. पण काका, ह्याचा स्पीकर हलका आहे. गिटारसाठी तोच घ्या."

जयरामनी दोन्ही पुन्हा वाजवून पाहिले. फरक लपण्यासारखा नव्हता. खोक्यातून गिटार खरखरत होती.

"बाबा, तो साधोच घेवया," भार्गवी म्हणाली. "वाजवताना तुमचो चेहरो कसो झाल्लो, तो मी बघलंय."

जयरामनी खोक्यावरच्या दुसऱ्या पिनेच्या भोकावरून बोट फिरवलं. मग ओंकारला म्हणाले, "दोन पिनांचा द्या. आणि एक माइक."

पुढच्या रविवारी बापलेक आरोंद्याला गेली. बाबली पडवीत खुर्चीवर बसला होता, अंगाने अर्धा झालेला. त्याने जयरामचा हात बराच वेळ सोडला नाही. मग माइक बघून त्याने मान हलवली. "ह्यो कित्याक? माझो आवाज खंय रवलो आता?"

"रवांदे थंयच. मी वाजवतंय, तू आयक."

गिटार आणि माइक, दोन्ही पिना जोडून जयराम वाजवू लागले. ऑर्केस्ट्राची सुरुवात ज्या गाण्याने व्हायची, तेच. मधल्या एका जागी बोट घसरलं. त्यांनी पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच चुकलं. तिसऱ्यांदा बाबलीला राहवलं नाही. जयरामपर्यंत आवाज पोचेना म्हणून त्याने माइक उचलला.

"थांब रे! थंय उतराचां नाय, वर जावचां!"

स्वतःचा आवाज पडवीभर घुमल्यावर तो दचकून खोक्याकडे बघत राहिला. आतून यशोदावहिनी, बाबलीची बायको, तांदूळ धुतलेल्या ओल्या हातांनी बाहेर आली. ऑपरेशनपासून त्याचा शब्द कधी चुलीपर्यंत पोचला नव्हता.

"कोण इलो? कोण बोललो?"

बाबलीने माइक ओठांजवळ नेला आणि अगदी खालच्या सुरात ओळ म्हटली. वरची जागा आली तिथे आवाज तुटला, पण तेवढ्यात जयरामनी ती गिटारवर घेतली. पुढची ओळ पुन्हा बाबलीची. असं एक कडवं झालं. मग त्याला ठसका लागला. यशोदावहिनीने पाणी आणून दिलं आणि ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

पाणी पिऊन झाल्यावर बाबली हसला. "गिटार जरा खरखरता रे तुझी."

"खरखरतलीच. दुसऱ्या एका अ‍ॅम्पात बरी वाजा होती."

"मगे तो कित्याक नाय घेतलंस?"

जयराम खाली बघून तार पिळत म्हणाले, "ह्यो स्वस्त होतो."

दोन्हींच्या किमती जवळपास सारख्याच होत्या, हे भार्गवीला माहीत होतं. बाबलीने पेला खाली ठेवला होता आणि माइक पुन्हा हातात घेतला होता.