दार न वाजवता

परदेशातल्या वृद्धाश्रमाच्या नोकरीत भिंगरीने सात वर्षं काढली. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आईने ठेवलेलं हे नाव. तिथे मात्र ती संथ व्हायला शिकली. म्हाताऱ्यांच्या खोलीचं दार तीनदा वाजवायचं, आपण कोण, काय करायला आलो ते सांगायचं, आणि आतून होकार आल्यावरच पाऊल टाकायचं, असा तिथला नियम. आधी तिला हे भलतंच थेर वाटलं. पुढे इतकं अंगवळणी पडलं, की तीन आठवड्यांच्या रजेवर घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिने आईच्या खोलीचं दार वाजवलं.

"मी भिंगरी. केस विंचरायला आलेय. आत येऊ?"

"अगं बाई! मी काय तुझी साहेबीण आहे?" आई आतून कडाडली. "दार वाजवतात ते परके. माझी लेक भस्सकन घुसते."

भिंगरी हसली, हसता हसता रडलीही. आई हल्ली माणसं विसरतात, असं वहिनीने फोनवर सांगितलं होतं. त्या धास्तीनेच ती धावत आली होती. आईने निदान आपल्याला तरी विसरू नये, एवढंच तिला हवं होतं. त्या दिवसापासून तिने दार वाजवणं सोडलं. ती रोज भस्सकन घुसायची आणि आई रोज "आली बया!" म्हणायची.

परत निघायच्या आदल्या सकाळी ती अशीच घुसली. आई पलंगावर बसून ब्लाउजची बटणं लावत होती. तिने चादर गळ्यापर्यंत ओढली.

"कोण तू? सूनबाई, बघ गं, कोण शिरलंय खोलीत!"

"आई, मी आहे..."

"बाहेर हो म्हणते ना!"

भिंगरी बाहेर आली, दार लोटलं. वहिनी ओल्या हातांनीच धावत आली. "मनाला लावून घेऊ नका ताई, होतं त्यांचं असं."

भिंगरीला हंबरडा फोडावासा वाटला. पण आत एक म्हातारी घाबरून बसली होती, आणि घाबरलेल्या म्हातारीशी कसं वागायचं ते ती सात वर्षं शिकली होती. तिने डोळे पुसले आणि दार तीनदा वाजवलं.

"केस विंचरायला आलेय. आत येऊ का?" नाव तेवढं तिने गाळलं. ते ऐकून आईने पुन्हा "कोण?" म्हटलं असतं, तर तिला सोसलं नसतं.

आतून आवाज आला. "या."

भिंगरी मागे बसून हळूहळू गुंता सोडवू लागली. आईचे खांदे सैल पडले.

"हात हलका आहे हो तुमचा," आई म्हणाली. "आणि विचारून येता, बरं वाटतं. आमची लेक म्हणजे वादळ."

"कुठे असते ती?"

"लांब. येते म्हणालीय. तुम्हाला भेटली तर सांगाल? दार वाजवू नकोस म्हणावं. तशीच आत ये. मी ओळखेन तिला."

भिंगरीने वेणीचा शेवटचा पेड घातला.

"सांगते," ती म्हणाली.