बयाबाईची म्हस दूधच देत न्हाय

कंपनीची पिवळी टोपी डोक्यावर चढवून कृष्णात सकाळी सातपासून एसटीच्या थांब्यावर उभा होता. जनावरांच्या खुराकाची 'जोमदार' कांडी गावात विकायचं काम त्याला मिळून सहा महिने झाले होते, आणि आज त्याचा निकाल होता. कोल्हापूरच्या ऑफिसातून आदिती मॅडम येऊन घरोघर सर्व्हे करणार होत्या. प्रश्न दोनच. कांडीनं दूध किती वाढलं, आणि कृष्णात काम कसा करतो? गावानं चांगलं सांगितलं तर नोकरी कायम, न्हायतर टोपी परत.

कृष्णातला तसा घोर नव्हता. कांडी खरोखरच गुणाची होती. पन्हाळ्याच्या पायथ्याचं एवढंसं गाव, पण सहा महिन्यांत दूध संस्थेला कॅन पुरेनासे झाले होते. आणि पोती तर त्यानं स्वतःच्या खांद्यावरून पार गोठ्यात नेऊन टाकली होती. आता गाव काय खोटं बोलणार होय?

पहिलंच घर बयाबाईचं. म्हातारी नुकतीच धार काढून उठली होती आणि हातातली बादली फेसानं काठोकाठ भरली होती. परकं माणूस दिसताच तिनं बादलीवर पदर ओढला.

"आजी, म्हैस किती दूध देते?" आदितीनं टॅबलेट उघडत विचारलं.

"कशाचं दूध नि कशाचं काय, बाई! च्यापुरतंबी न्हाय."

"मग बादलीत काय आहे?"

"ताक!"

बादलीतून वाफ निघत होती. आदितीनं बघूनही न बघितल्यासारखं केलं. "बरं, हा कृष्णात काम कसा करतो?"

"त्यो व्हय? आळशी हाय. एक नंबरचा."

कृष्णातनं म्हातारीला गोठ्यामागं ओढलं. "आत्ती, तुमची म्हस दिसाला बारा लिटर देतीया की वो! माझी नोकरी जाईल!"

"हळू बोल, मुडद्या!" बयाबाई दातओठ खात म्हणाली. "परक्या माणसाला बारा म्हणून सांगू? दृष्ट लागून म्हस उद्या लाथा झाडाय लागली, तर तू येणार हायस धार काढाय? आणि तुलाबी चांगलं कसं म्हणू, लेकरा? पोटच्या पोरावाणी हायस तू. तुलाबी लागंल की!"

पुढच्या घरांतही तीच गत. शेजारच्या गणपतरावांनी दीड लिटर सांगितलं आणि म्हशीला कासेसकट पोत्यानं झाकून टाकलं. श्रीपालआण्णा मात्र खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांनी प्रश्न ऐकला, जरा विचार केला आणि "आज माझं मौन हाय," असं स्वतःच्या तोंडानं सांगून ते घरात निघून गेले.

अकरा घरं झाली तशी आदिती देवळाच्या पायरीवर बसली. "दादा, या आकड्यांवरून तुमची कांडी खाऊन म्हशी फक्त मरायच्या बाकी आहेत. हे ऑफिसात दाखवू कसं?"

कृष्णातनं टोपी काढून मांडीवर ठेवली. गावाचा त्याला असा राग आला होता की बोलायची सोय नव्हती. ही अडाणी माणसं कधी सुधारणार? जीव तोडून पोती वाहिली ती ह्यासाठी? मग समोरच्या पारावर दोन बायका तिसरीच्या घरातलं बारीकसारीक सांगताना त्याला ऐकू आल्या, आणि तो ताडकन उठला.

"मॅडम, सवाल फिरवा. शेजाऱ्याचं इचारा!"

पुन्हा बयाबाईचं घर. "आजी, गणपतरावांची म्हैस किती देते हो?"

"अगं बाई, सतरा लिटर! आधी पाच द्यायची गं. तुमच्या कांडीनं अशी सुटलीया, दारात मावंना!"

"आणि त्यांच्याकडं कृष्णात कसा?"

"तिथंच पडीक असतोय मेला! पोतं गोठ्यात टाकतोय, म्हशीची खुशाली इचारतोय. फकस्त घास भरवायचा ऱ्हायलाय. आमच्याकडं ढुंकून बगत न्हाय."

आदिती भराभर बोटं चालवत होती. गणपतरावांनी बयाबाईच्या म्हशीच्या नावावर वीस लिटर लावले. श्रीपालआण्णांचं मौन तर शेजाऱ्याचं नाव काढताच सुटलं, आणि तोंड अर्धा तास मिटेना. दुपारपर्यंत गावात दुधाचा महापूर आला आणि कृष्णात जिल्ह्यात पहिला आला.

आनंदानं त्यानं मॅडमला घरी चहाला नेलं. बायकोनं, संयोगितानं, असा चहा केला की वर बोटभर साय धरली. आदितीनं घोट घेतला. "एकच रकाना राहिलाय. एजंटच्या स्वतःच्या म्हशीचं दूध. तो भरल्याशिवाय तुमची ऑर्डर निघणार नाही."

मागं गोठ्यात म्हैस हंबरली. चौदा लिटरची म्हैस. कृष्णातनं तोंड उघडलं. एक आकडा सांगायचा आणि जन्माची नोकरी पक्की. दारात संयोगिता डोळे वटारून उभी होती, पण तिनं वटारायचीही गरज नव्हती.

"कशाचं दूध, मॅडम," तो सायीकडं न बघता म्हणाला. "ह्यो च्याबी उसन्या दुधाचा हाय."

आदितीनं कप खाली ठेवला, टॅबलेट उचलला आणि चप्पल घालत विचारलं, "तुमच्या शेजारी कोण राहतं?"