जांभळं की गुलाबी

मंगळवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि रीकाला आधी बरंच वाटलं. सगळं कसं स्वच्छ गुलाबी दिसत होतं. लांबट काड्यांसारखे जंतू, गुलाबी. तिने वहीत तसं लिहिलं, काचपट्टी पुसली, आणि पुढच्या चाचण्या लावल्या. आपण चुकतो आहोत हे माणसाला चुकताना कधी कळतं का? तेव्हा तर हात अगदी सुरळीत चालत असतात.

रीका विएर्स्मा अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या घराजवळचं कॉलेज त्यांच्या प्रॉटेस्टंट चर्चचं होतं, आणि तिथल्या नर्सिंगच्या वर्गात तिची जागा ठरलेली होती. पण वसंतात ती महिनाभर तापाने पडली आणि सूक्ष्मजीवशास्त्र अर्धवट राहिलं. कॉलेजने सांगितलं, हा विषय उन्हाळ्यात दुसरीकडे कुठेही कर, पण चांगल्या श्रेणीने पास होऊन ऑगस्टपर्यंत आण. नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. म्हणून ती रोज तासभर गाडी हाकत मक्याच्या शेतांमधून जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात येत होती. अख्ख्या सत्राचा अभ्यास तिथे दोन महिन्यांत कोंबलेला. एक दिवस चुकला की आठवडा चुकल्यासारखं.

शिवाय चर्चमध्ये दोन रविवार तिच्यासाठी सर्वांसमोर प्रार्थना झाली होती. धर्मगुरूंनी तिचं नाव घेतलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांनी मागे वळून मायेने पाहिलं होतं. त्या पाहण्याचीच तिला धास्ती वाटायची.

या विषयातली सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे ‘अनोळखी जंतू’. विषय शिकवणाऱ्या डॉ. कोवालिक प्रत्येकाच्या हातात एक परीक्षानळी देत. आत कोणता जंतू आहे ते फक्त त्यांना ठाऊक. विद्यार्थ्याने तो वाढवायचा, रंगवून जांभळ्या गटातला की गुलाबी ते ठरवायचं, मग त्या गटाच्या चाचण्या करायच्या आणि शेवटी त्यांच्या टेबलापाशी जाऊन नाव सांगायचं. त्या ‘हो’ म्हणायच्या किंवा ‘नाही’. बस.

“आपली नळी, आपले डोळे,” नळ्या वाटताना डॉक्टर म्हणाल्या होत्या. पांढरे आखूड केस, कोरडा आवाज. “शेजाऱ्याला एक शब्द विचारलात तर दोघांनाही शून्य. मी गेली तीस वर्षं शून्य देते आहे, माझा हात अजून दुखलेला नाही.”

रीकाच्या शेजारी मारिसेला बसायची. दोन लेकरांची आई, रात्री मांसाच्या कारखान्यात काम आणि दिवसा कॉलेज. झोप कधी घेते हे देवालाच माहीत, पण तोंड सदा चालू. रीका रविवारी येत नाही हे कळल्यापासून ती तिला पाद्रीणबाईच म्हणायची.

तर हे असं झालं होतं. शनिवारी सगळ्यांनी नळीतला जंतू ताटलीवर पेरला. रविवारी प्रयोगशाळा उघडी होती, नोकरदार विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम. त्याऐवजी शुक्रवारी बंद. सगळे रविवारी येऊन आपापला जंतू रंगवून गेले. रीकाच्या घरी रविवारी काम नाही. आई शनिवारीच स्वयंपाक करून ठेवते, बाबा गवत कापायचं यंत्र बाहेर काढत नाहीत, दुकानात कुणी जात नाही. सकाळी प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना. सोमवारी चार जुलै, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. म्हणून तिने मंगळवारी रंगवला. दोन दिवसांनी काय बिघडणार आहे, असं तिला वाटलं. तिच्या स्वतःच्या कॉलेजात असं कधी बिघडलंच नव्हतं. तिथे रविवारी इमारतीलाच कुलूप असायचं आणि शिक्षक सगळे प्रयोग रविवार चुकवून लावायचे. पेरणी कधी करायची आणि रंगवायचं कधी, हा विचार तिथल्या मुलांना कधी करावाच लागला नाही.

बुधवारी चाचण्यांचे निकाल आले, आणि ते जुळेनात. पिठाच्या ताटलीवर आयोडीन ओतलं तर सगळी ताटली काळी पडली, फक्त जंतूभोवती स्वच्छ रिंगण राहिलं. म्हणजे हा पीठ खातो. पण वर्गात शिकवलेल्या गुलाबी जंतूंपैकी पीठ खाणारा एकही नव्हता. साखरेची चाचणी तिसरंच काहीतरी सांगत होती. तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. असा जंतूच नव्हता.

गुरुवारी तीच गत.

“का गं, पाद्रीणबाई, चेहरा पांढराफटक का?” मारिसेलाने विचारलं. “जंतू चावला की काय?”

रीका बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला टेबलापलीकडून डॉ. कोवालिक बघताना दिसल्या.

“काही नाही.”

“काही नाही म्हणणाऱ्या बाईचं नेहमी बरंच काही असतं,” मारिसेला म्हणाली, आणि आपल्या नळीकडे वळली. तिलाही शून्य परवडण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी परतताना रीका गाडीत पुन्हा पुन्हा तेच मोजत राहिली. येत्या सोमवारी नाव सांगायचं. नाव चुकलं तर श्रेणी घसरणार, श्रेणी घसरली तर जागा जाणार. आणि मग चर्चच्या दारात एकेकीला सांगत उभं राहायचं की नाही, झालं नाही. तुम्ही देवाकडे मागितलं, पण मला जमलं नाही.

शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलाशी पुस्तक उघडून ती बसली होती. पुस्तकातली ती ओळ तिने आधीही वाचली असणार, नुसती डोळ्यांखालून गेली असणार. जंतू ताजा, एका दिवसाचा असावा. जुना झाला की त्याच्या पेशीची भिंत कमकुवत होते, जांभळा रंग धुऊन निघतो आणि तो गुलाबी भासतो.

रीकाने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

म्हणजे तिचा जंतू जांभळाच होता. पहिलंच वळण चुकलं होतं, आणि त्यापुढची सगळी वाट ती भलत्याच गावाला चालत होती. आणि ते कशाने? तर रविवार पाळल्याने. हा विचार मनात आला मात्र, ती दचकली. आपण देवावर चिडलो आहोत की काय? तिने घाईघाईने पुस्तक मिटलं, जणू कुणी वाचलंच असतं.

आईने गाजरं चिरता चिरता तिच्याकडे पाहिलं. रीकाने सगळं सांगितलं. उद्या पेरलं की परवा रंगवायला तयार, पण परवा रविवार.

“मग जा की,” आई हळूच म्हणाली. “गाईंचं दूध आपण रविवारी काढतोच ना? नाही काढलं तर त्यांना दुखतं.”

“दूध वेगळं, आई.”

“वेगळं कसं? गरजेचं काम ते गरजेचं.”

बाबा बूट काढून दारातच उभे होते. ते चर्चचे वडीलधारे सभासद. गावातल्या चार माणसांना त्यांनी रविवारबद्दल दोन शब्द सुनावलेले. रीका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ‘जा’ म्हणाले तरी चालेल, ‘नको’ म्हणाले तरी चालेल, पण काहीतरी म्हणा.

“पोरी,” बाबा म्हणाले, “हे मी सांगणार नाही. मी सांगितलं तर पाळणं माझं होईल, तुझं राहणार नाही.”

आणि ते हात धुवायला गेले. रीकाला वाटलं, रागावले असते तरी बरं झालं असतं.

शनिवारी प्रयोगशाळा उघडायच्या आधीच ती दाराशी उभी होती. रात्रभर तिने मनात वाक्यं जुळवली होती आणि डॉ. कोवालिक किल्ल्या वाजवत येताना दिसल्यावर त्यातलं एकही उरलं नाही.

“डॉक्टर, मला... माझा जंतू जुना झाला होता. मी मंगळवारी रंगवला. मला पुन्हा रंगवायचाय.”

“मग आज पेर, उद्या रंगव. उद्या दुपारी प्रयोगशाळा उघडी आहे. यात मला सांगण्यासारखं काय आहे?”

“मी रविवारी येत नाही.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “कामावर असतेस?”

“नाही. आमच्याकडे रविवार पाळतात.” तिने घाईने पुढचं सांगून टाकलं. “मी आज द्रवात पेरला तर संध्याकाळपर्यंत थोडा वाढेल. मला थांबू द्याल का?”

“नर्स होणार ना तू?”

“हो.”

“मग रविवारी रुग्णालयाला कुलूप लावणार? की रुग्णांना सांगणार, बाबांनो, सोमवारपर्यंत दम धरा?”

मागे येऊन उभ्या राहिलेल्या दोघातिघांनी हसून घेतलं. रीकाला पळून जावंसं वाटलं, गाडीत बसून थेट घरी, गोठ्यात, जिथे कुणी काही विचारत नाही. पण पाय हललेच नाहीत, आणि तोंडातून तिने न ठरवलेलं निघालं.

“रुग्णासाठी येईन. त्याला दुखतं. उद्या कुणाला दुखत नाहीये, डॉक्टर. उद्या फक्त माझे गुण आहेत.”

बोलून झाल्यावर तिला इतकी भीती वाटली की तिने दाराची चौकट धरली. उर्मट वाटलं असेल. आता त्या नाहीच म्हणणार.

डॉ. कोवालिकनी कुलूप काढलं. “मी पाच वाजता घरी जाते,” त्या म्हणाल्या. “पाचपर्यंत जे वाढेल ते वाढेल. नाही वाढलं तर माझ्यापुढे रडायचं नाही.”

रीकाने तारेचं कडं ज्योतीत लाल केलं, निवू दिलं, नळीतला जंतू उचलून पिवळसर द्रवात बुडवला आणि नळी उबेच्या कपाटात ठेवली. मग दिवस सरेना. दुपारी तिने डब्यातलं हॅमचं सँडविच सोडलं, एक घास खाल्ला आणि पुन्हा गुंडाळलं. दर थोड्या वेळाने जाऊन कपाटाच्या काचेतून बघायची. द्रव स्वच्छ. अजून स्वच्छ. मारिसेला आपली चाचणी बघायला आली, तिने रीकाला येरझाऱ्या घालताना पाहिलं.

“ए, बाळंतपण आहे का त्या कपाटात?”

रीकाला हसू आलं नाही. “मारिसेला, तू माझ्यासाठी प्रार्थना कर. विचारू मात्र काही नकोस.”

मारिसेलाने आपल्या छातीवर क्रुसाची खूण केली. “केली. माझी कॅथलिक आहे, चालेल ना?”

“चालेल.”

चार वाजून गेले तेव्हा द्रव किंचित धुरकट झाला होता. दिव्यासमोर धरला तर दिसे, नाहीतर नाही. हे पुरेसं आहे का? तिला सांगता येईना. पण आणखी थांबायला वेळही नव्हता.

काचपट्टीवर थेंब पसरला, वाळवला. जांभळा रंग, पाणी, आयोडीन. आता अल्कोहोल. इथेच सगळं असतं. जरा जास्त ओतलं की जांभळं वाहून जातं, कमी ओतलं की गुलाबीही जांभळं दिसतं. तिने कोपर टेबलावर टेकवलं. ओठांत एक स्तोत्र आलं, अर्धंच, पुढचे शब्द आठवेनात. तिने थेंब सोडले, निथळणारा रंग फिकट होताक्षणी पाण्याने धुतलं, गुलाबी रंग टाकला, पुन्हा धुतलं.

भिंगाखाली आधी काहीच दिसलं नाही. नुसता पांढरा उजेड. ती काचपट्टी सरकवत राहिली, आणि उजेड तसाच. वाढलाच नाही. संपलं.

मग कडेला एक काडी आली. मग तिच्या शेपटीला दुसरी, तिसरी, साखळीच. गडद जांभळ्या.

तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. आपल्याला हवं म्हणून तर दिसत नाही ना? “डॉक्टर,” ती म्हणाली, “तुम्ही एकदा बघाल का?”

डॉ. कोवालिक पर्स खांद्याला लावत होत्या. “नाही.”

“फक्त रंग.”

“आजारी माणसाच्या उशाशी तू एकटीच असशील तेव्हा कुणाला बोलावणार? बघ, आणि ठरव.”

रीकाने पुन्हा पाहिलं. काचपट्टीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं, मधोमध पाहिलं. गुलाबी एकही नव्हता. तिने वहीत ‘जांभळा’ लिहिलं आणि आधीच्या ‘गुलाबी’वर एक सरळ रेघ मारली, खाली कारण लिहिलं: जंतू जुना होता, चूक माझी.

रविवारी ती चर्चमध्ये आईबाबांच्या मधे बसली. बाबांनी नेहमीप्रमाणे प्रवचनाच्या सुरुवातीला पेपरमिंटची गोळी पुढे केली. रीका ती तोंडात धरून बसली आणि सगळा वेळ तिच्या मनात पिठाचं रिंगण, साखरेची नळी, जांभळी साखळी फिरत होती. जुळतंय. जुळतंय ना? काम तिने केलं नव्हतं, पण विसावाही तिला मिळाला नाही. परतताना गाडीत तिने ते बोलून दाखवलं.

“मी रविवार पाळला, पण मी तिथे नव्हतेच, बाबा.”

“मीही पुष्कळदा नसतो,” बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. “पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं.”

सोमवारी एकेकाला टेबलापाशी बोलावलं गेलं. रीकाच्या आधीच्या मुलाला ‘नाही’ मिळालं. तो परत येताना टेबलांवर आदळत आला. डॉक्टरांनी तिच्या नळीवरचा आकडा वाचला आणि वर पाहिलं.

“बॅसिलस सबटिलिस,” रीका म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं.

डॉ. कोवालिकनी वही उघडली. रेघ मारलेला शब्द पाहिला, खालचं कारण वाचलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “पहिल्या रंगाचे गुण कापणार. बाकीचे आहेत. तुझं भागेल. पुढचा.”

रीका बाहेर आली आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसली. रडू येत होतं आणि आवरत नव्हतं. मारिसेला मागून धावत आली.

“अगं बाई! नाही म्हणाली का म्हातारी?”

“हो म्हणाली.”

“मग हे काय?”

“भीती जातच नाहीये,” रीका हुंदक्यात म्हणाली. “हो म्हणाली तरी जात नाहीये.”

मारिसेलाने तिच्या शेजारी बैठक मारली. आत तिचं नाव पुकारलं जायला अजून चार जण होते. तिने रीकाचा हात आपल्या हातात घेतला, आणि रीकाला कळलं की तोही बर्फासारखा गार आहे.

“भीती जाऊ नको देऊस इतक्यात,” मारिसेला म्हणाली. “माझं व्हायचंय अजून. थांब माझ्याजवळ.”

रीकाने डोळे पुसले आणि तिच्यासाठी प्रार्थना करायला लागली.