खालची वस्ती

तिने पडद्यावरचं दृश्य सरकवत टेकडीपर्यंत नेलं, मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा खालच्या वस्तीवर आणलं. मघाशी काळं असलेलं नदीचं पाणी निळंशार झालं होतं. कारखाना बंद झाला नव्हता, एक झाड लागलं नव्हतं, तरी घाण नाहीशी झाली होती.

ती उठली ती थेट प्रमुखाच्या टेबलापाशी गेली.

"माझ्या नदीला हात कोणी लावला?"

"नदीबाई, आधी बसा तरी." हे नाव त्यानेच तिला दिलं होतं. पर्यावरण सांभाळत शहर उभारण्याच्या या खेळातली नदी तिने सहा वर्षं एकटीने लिहिली होती आणि त्या नदीचा नियम एकच होता. घाण नाहीशी होत नाही, फक्त खाली वाहते. वरच्या काठावर कारखाना टाकला की खालच्या वस्तीत माणसं आजारी पडत.

"साध्या मशीनवर खेळ अडकत होता," तो म्हणाला. "म्हणून पडद्याबाहेर गेलेली घाण मी पुसून टाकतो. दिसत नाही ते मोजायचं कशाला?"

"आणि वस्तीतली माणसं?"

"तीही बरी होतात. चाचणीवाले तर खूश आहेत. म्हणाले, आता मनावर दडपण येत नाही."

"यायलाच हवं! जाहिरातीत काय लिहिलंयस? 'पृथ्वी तुमच्या हातात.' हातात कसली? मान फिरवली की काम फत्ते!"

"अहो, पडद्यावरचे ठिपके आहेत ती माणसं."

"असू देत ठिपके. दोन दिवस दे मला. काहीही न पुसता वेगात चालवून दाखवते."

"उद्या सकाळी खेळ बाजारात जातोय. आता फक्त शेवटचा हात. पाण्यावर चकाकी टाकायची राहिलीय, तेवढी टाका."

"चकाकी तूच टाक. तुझा हात चांगला बसलाय."

संध्याकाळी घरी तिने लॅपटॉप उघडून खेळ बाबांपुढे ठेवला. बाबांनी जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं पंप सांभाळला होता. कधी कधी ते गाळाने भरलेली बाटली घरी आणत आणि म्हणत, "हे बघ, वरच्यांनी पाठवलंय." आई त्याच पाण्याच्या काठावर काविळीने गेली होती. खेळातल्या वस्तीतून पाण्याकडे उतरणाऱ्या अकरा पायऱ्या त्यांच्या जुन्या घरासमोरच्या होत्या, हे कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं.

बाबांनी पायऱ्या मोजल्या. मग दृश्य इकडेतिकडे हलवून परत आले.

"अगं, हे साफ कोणी केलं?"

"कोणीच नाही. तुम्ही बघत नव्हतात ना, म्हणून."

"आमचे साहेब असेच," बाबा म्हणाले. "गाडी पुलावर आली की काचा वर."

सकाळी ती प्रमुखाशी पुन्हा भांडली आणि पुन्हा हरली. खेळ पाठवण्याआधी त्याने तिला श्रेयनामावली दाखवली. 'नदी' या शब्दापुढे तिचं नाव होतं.

"खोड ते."

"सहा वर्षं आहेत तुमची यात."

"म्हणूनच खोड."

त्याचा हात पुढे होईना. "वस्ती पुसताना नाही रे अडखळलास," असं म्हणत तिने वाकून स्वतःच नाव खोडलं आणि पर्स उचलली.

दुपारी ती घरी पोचली तेव्हा बाबा लॅपटॉपसमोर ताठ बसलेले होते. पडद्यावर खालची वस्ती होती आणि पाणी पुन्हा काळं झालं होतं.

"तू गेल्यापासून हललो नाही," ते म्हणाले.

"आणि जेवण?"

"जेवलो की. तेवढा वेळ शेजारच्या वहिनींना बसवलं होतं. वैतागल्या बिचाऱ्या. पण बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा आमचा नियमच होता. उगाच साफ झालं म्हणून कुणी सांगायला नको."

दृश्य तिथे ठेवलं की पुरे, समोर माणूस बसायची गरज नाही, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने खुर्ची ओढली.

"उठा बाबा. बदली आली."

बाबा गुडघ्यांवर हात टेकत उठले. इतकी वर्षं पाळी संपताना देत तसा त्यांनी कामाचा ताबा दिला. "वस्तीत चौदा आजारी. सकाळपासून एकही बरा झालेला नाही. नीट लक्ष ठेव."